हवेच्या जुन्या टाकीतून बांधलेला स्मोकर: वापरून झाल्यावरचा अभिप्राय

आधी निकाल सांगतो, मग तपशील. जाड पत्र्याची टाकी, तिच्यात पूर्वी काय भरलेलं होतं याची पक्की माहिती आणि हात बसलेला वेल्डर, या तीन गोष्टी जुळत असतील तर घरी बांधलेला स्मोकर (लाकडाच्या धुरात मांस सावकाश शिजवायची भट्टी) बाजारातल्या पातळ पत्र्याच्या स्मोकरपेक्षा फार उजवा ठरतो. यांतलं एकही जुळत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. माझी सगळी नोकरी बॉयलर हाउसमध्ये गेली. त्यामुळे आग, हवा, धुराडं आणि राख यांच्याकडे मी जरा जास्तच बारकाईने बघतो, आणि स्मोकरचं सगळं बरंवाईट याच गोष्टींवर ठरतं अशी माझी खात्री आहे.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. कॉम्प्रेसरची हवा साठवायची ३०० लिटरची जुनी टाकी, आडवी केलेली. व्यास ५५ सेंमी, दोन्ही टोकांना फुगीर झाकणं (डिश एंड), अंगाचा पत्रा ५ मिमी. एका टोकाला खालच्या अंगाने जोडलेला ६ मिमी प्लेटचा चौकोनी फायरबॉक्स आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. मधल्या पोकळीत जाळी, जाळीवर मांस. विस्तव मांसाच्या खाली नसतो, शेजारच्या खोक्यात असतो. गरम हवा आणि धूर टाकीतून आडवे वाहत जातात आणि मांस त्या प्रवाहात सावकाश शिजतं. वेल्डिंग माझ्या भाच्याने केलं. मापं, हवेचा मार्ग आणि घासाघाशी माझ्याकडे होती.

टाकीवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा धोका तिथे आहे आणि सगळा फायदाही तिथेच. भंगारात नाना तऱ्हेच्या टाक्या पडलेल्या असतात. एलपीजीच्या टाकीचा आकार मोहात पाडतो, पण तो वायू हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी बसून राहतो. व्हॉल्व्ह उघडा टाकून कितीही काळ पडलेली टाकी रिकामी आहे असं धरून तिला ग्राइंडर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. व्हॉल्व्ह काढून टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, आतला वायू पाण्याने बाहेर काढायचा, आणि मगच पुढचा विचार. तोही हे काम ज्याने पूर्वी केलेलं आहे त्याच्याच हातून. गळती कळावी म्हणून वायूत मिसळलेल्या मरकॅप्टनचा वास पत्र्याला धरून राहतो, ते आणखी वेगळं.

फ्रिज-एसीच्या गॅसचे सिलिंडर पातळ असतात, शिवाय आत उरलेल्या वायूला ज्वाळेची धग लागली तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. ते घेऊच नयेत. कीटकनाशकं, रंग, रसायनं यांची पिंपं कितीही धुतली तरी अन्नाच्या जवळ नकोत. खाद्यतेलाचं पिंप चालतं, पण पुष्कळ पिंपांना आतून लेप असतो आणि तो पूर्ण जाळून काढावा लागतो. जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीला तर मी हातही लावणार नाही. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, फायरबॉक्सच्या आत तापमान त्याच्या वर जातं, आणि अशा पत्र्यावर वेल्डिंग केलं की जो पांढरा धूर उठतो तो छातीत गेला तर वेल्डर थंडीतापाने फणफणतो. जाळीसाठीसुद्धा गॅल्व्हनाइज्ड जाळी घेऊ नये. साधं लोखंड नाहीतर स्टेनलेस स्टील, बस.

हवेच्या टाकीचं मोठं सुख हे की तिच्यात आयुष्यभर हवा, त्या हवेतून सुटलेलं पाणी आणि कॉम्प्रेसरचं थोडं तेल, एवढंच गेलेलं असतं. आमची टाकी ज्या कारखान्यात वापरात होती तिथूनच थेट आली, त्यामुळे तिचा पूर्वेतिहास विचारायला माणूस समोर होता. टाकी बाद का केली हेही कळलं: तळाशी साचलेल्या पाण्याने पत्रा आतून गंजून काही ठिकाणी खड्डे पडले होते. दाबासाठी अशी टाकी वापरणं धोक्याचंच. पण स्मोकरमध्ये दाब मुळीच नसतो, आणि ५ मिमीतला अर्धा मिलिमीटर गंजाने खाल्ला तरी काही बिघडत नाही. दाबाच्या कामातून निवृत्त झालेली टाकी इथे निर्धास्त चालते. उलट मात्र कधीच करू नये: एकदा कापून वेल्ड केलेल्या टाकीत परत हवा भरायची नाही.

या टाकीवर आधीपासून असलेली भोकं म्हणजे मला मिळालेली बक्षिसी. तळाशी पाणी काढायचा ड्रेन प्लग होता, तिथे आता बॉल व्हॉल्व्ह आहे आणि चरबी तिथूनच खालच्या डब्यात उतरते. टाकी त्या बाजूला किंचित कलती ठेवली आहे, म्हणून आत काही तुंबत नाही. प्रेशर गेजच्या सॉकेटमध्ये थर्मामीटर बसला. आत डोकावायला असतो तो हँडहोल, त्याच्या झाकणाला छोटं छिद्र पाडून तापमापकाच्या वायरी आत घेतल्या. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी आटे असलेला प्लग कसून टाकला. एवढी तयारी एलपीजीच्या टाकीत मिळत नाही; तिथे प्रत्येक भोक नव्याने पाडावं लागतं.

आता जाडीची गोष्ट. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त स्मोकर दीड-दोन मिलिमीटर पत्र्याचे असतात. असा एक माझ्या मित्राकडे आहे आणि त्यावर मी भरपूर शिजवलेलं आहे. दिसायला देखणा, रंगही चांगला. पण वाऱ्याची झुळूक आली की तापमान खाली, एक लाकूड जास्त पडलं की लगेच वर. दार उघडलं की आतली गरम हवा निघून जाते आणि पत्र्यात स्वतःची उष्णता फारशी नसतेच, त्यामुळे पुन्हा सगळं आगीनेच भरून काढायचं. दाराच्या कडेतून धूर सुटतो आणि चार पावसाळ्यांत फायरबॉक्सचा तळ कागदासारखा होतो. आमच्या टाकीचं अंगच साधारण १०० किलोचं आहे. फायरबॉक्स, स्टँड, दार, जाळ्या धरून सगळा ऐवज २०० किलोच्या आसपास. एवढं लोखंड एकदा तापलं की ते सहजी निवत नाही. दार उघडून मांसाची बाजू बदलली, दार लावलं, की काटा काही मिनिटांत आपल्या जागेवर येतो, कारण भिंतीच तापलेल्या असतात. हा एक गुण मला इतका मोलाचा वाटतो की बाकीच्या गैरसोयी मी त्याच्यापायी आनंदाने सोसतो.

फायरबॉक्स केवढा असावा यासाठी जाणकार एक ठोकताळा वापरतात: शिजवायच्या पोकळीच्या साधारण एक तृतीयांश. आमची पोकळी ३०० लिटरच्या आतबाहेर, म्हणून फायरबॉक्स ४६ सेंमीचा घन, म्हणजे जवळजवळ १०० लिटर. लहान केला तर आग दाबून ठेवावी लागते, आणि दाबलेली आग धुरकटते; स्मोकरमध्ये हीच सगळ्यांत वाईट गोष्ट. फायरबॉक्स आणि टाकी यांच्यामधलं तोंड अर्धचंद्राकृती कापलं, ४४ सेंमी रुंद आणि ११ सेंमी उंच. ते जाळीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणजे ज्वाळा थेट मांसाला चाटत नाही.

धुराड्याबद्दल मी भाच्याशी बराच वाद घातला. पुष्कळ लोक धुराडं टाकीच्या माथ्यावर बसवतात. दिसायला ते सरळसोट वाटतं, पण गरम हवा वर चढते आणि तिला माथ्यावरच वाट मिळाली तर ती मांसावरून न जाता छताला घासून निघून जाते. म्हणून आमचं धुराडं दुसऱ्या टोकाच्या डिश एंडमधून, जाळीच्याच पातळीवरून निघतं आणि बाहेर आल्यावर कोपर घेऊन उभं होतं. धुराला बाहेर पडायचं असेल तर मांसावरूनच जावं लागतं. पाइप १२५ मिमी व्यासाचा, उभी उंची ९० सेंमी. धुराड्याची ओढ उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बॉयलरला जो नियम तोच इथे. पाइप आखूड ठेवला की आग गुदमरते. वर डॅम्पर, म्हणजे धुराची वाट कमी-जास्त करायची झडप, बसवलेला आहे, पण शिजवताना तो मी पूर्ण उघडा ठेवतो. हवा आवरायची ती फायरबॉक्सच्या दाराच्या झडपेने, आणि त्याहूनही आगीच्या आकाराने. डॅम्पर मिटून धूर आत कोंडला तर तो मांसावर काळा, कडवट थर होऊन बसतो. डॅम्परचा खरा उपयोग काम संपल्यावर, सगळं बंद करून विस्तव विझवायला.

दार कापण्याचा भाग प्रत्येकाने लक्ष देऊन वाचावा. टाकीचा पत्रा रोलरमधून वाकवलेला असतो आणि त्याच्यात तो ताण कायम राहतो. मी खडूने दाराची चौकट आखली आणि सरळ चारही बाजू कापायच्या बेतात होतो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, आधी बिजागरीची बाजू तेवढी कापू. बिजागऱ्या पक्क्या करू, मग उरलेल्या तीन बाजू.”

“सगळं एकदम कापलं तर काय होतं रे?”

“झाकण उलगडतं. मग हातोड्याने किती ठोका, पहिल्यासारखं बसत नाही.”

त्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. बिजागऱ्या आधीच असूनसुद्धा शेवटचा कोपरा सुटला तेव्हा पत्र्याने ‘टण्’ असा आवाज केला आणि खालची कड दोनेक मिलिमीटर बाहेर आली. ती क्लॅम्पने दाबून धरली आणि आतून अँगलचा तुकडा वेल्डच्या ठिपक्यांनी टॅक केला, तेव्हा जागेवर बसली. कापायला आम्ही गॅस कटर मुद्दाम टाळला आणि ग्राइंडरला १ मिमीचं पातळ कटिंग व्हील लावलं. वेळ जास्त गेला, पण काप बारीक आला आणि कापलेला तुकडाच दार म्हणून वापरता आला. गॅस कटरने ३-४ मिमी पत्रा जळून जातो आणि तेवढी फट आयुष्यभर भरत बसावी लागते. कापताना गॉगल, त्यावर फेस शील्ड, कानाला संरक्षण आणि ग्राइंडरचं गार्ड, यांत कुठलीच सवलत नाही. पातळ व्हील फुटलं तर त्याचा तुकडा सुरीसारखा येतो.

दाराच्या तिन्ही कडांना बाहेरून २५ मिमीची फ्लॅट पट्टी वाकवून वेल्ड केली, ती फटीवर आच्छादन धरते. कुठे गळतं ते शोधायला मी बॉयलरच्या मॅनहोलची जुनी युक्ती वापरली: रात्री टाकीत बॅटरी पेटवून ठेवायची, दार लावायचं आणि बाहेरून चहूबाजूंनी बघत जायचं. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूची खूण. बिजागरीच्या डाव्या टोकाशी आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात अशा रेघा दिसल्या. कोपरा ठोकून बसला. बिजागरीपाशी फायबरग्लासची दोरी लावली. दार सहज उचललं जावं म्हणून मागच्या बाजूला वजन जोडलं आहे. ते नसतं तर हे दार एका हाताने उघडणं कठीण, आणि दुसऱ्या हातात चिमटा असतो.

फायरबॉक्सचे सांधे ३.१५ मिमीच्या ६०१३ रॉडने, दोन्ही बाजूंनी भरले. तळाला जाळी, जाळीखाली राखेची जागा, आणि हवा आत घ्यायची झडप जाळीच्या खाली. हवा निखाऱ्यांच्या खालून वर यायला हवी. लाकूड जाळीवर उचललेलं असलं तरच ते नीट जळतं. राखेत बसलेलं लाकूड नुसतं धुमसत राहतं.

रंगावर फार लिहिण्यासारखं नाही. टाकीचा जुना रंग पूर्णपणे काढला, कारण जुन्या औद्योगिक रंगात शिसं असू शकतं. वायर ब्रश फिरवताना चांगला मास्क लावला आणि पडलेला चुरा ओला करून गोळा केला. बाहेरून सुमारे ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा रंग, आतून काहीही नाही. फायरबॉक्सवर तोही रंग टिकला नाही, पहिल्या काही आगींतच पापुद्रे निघाले. तिथे आता रंगाऐवजी गरम लोखंडाला तेलाचा हात देतो, ते पुरतं.

आतून टाकी साबणाच्या कढत पाण्याने धुतली, कॉम्प्रेसरच्या तेलाचा ओशटपणा जाईपर्यंत. मग मोठी आग करून तिला रिकामीच तापवली. पहिल्या तासात धुराड्यातून जो वास आला त्यावरूनच कळलं की हे काम टाळण्यासारखं नाही. वास पूर्ण थांबल्यावर आतल्या सगळ्या अंगाला खाद्यतेलाचा पातळ थर पुसला आणि परत तापवली. तेल लोखंडावर आटून घट्ट काळा मुलामा होतो आणि गंज रोखतो. लोखंडी तव्याला जे करतो तेच.

आता कामगिरी. रिकामी टाकी तापून एकसारख्या तापमानाला यायला तासभर तरी द्यावा लागतो. आधी कोळशाचे निखारे, मग त्यावर मनगटाएवढी जाड, हातभर लांब वाळलेली फोड. त्यानंतर साधारण दर पाऊण तासाला एक. पुढची फोड मी फायरबॉक्सच्या माथ्यावरच ठेवतो. ती तापून तयार असते आणि आत टाकताच पेट घेते. लाकूड कठीण जातीचं, नीट वाळलेलं, ओलावा २० टक्क्यांच्या आसपास. फळझाडांचं लाकूड उत्तम. चीडसारखं राळ असलेलं नको, आणि रंगवलेलं, प्लायवूड किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूड तर कदापि नको.

धुराच्या रंगावर माझी सगळी मदार असते. बॉयलरला धुराड्याकडे बघून आग ओळखतात, तसंच इथे. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड जळत नाही, धुमसतंय. तो चवीला कडू. पातळ, जेमतेम दिसणारा, निळसर धूर म्हणजे आग स्वच्छ आहे. लाकडातल्या लिग्निनपासून ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं निघतात. धुराचा तो खमंग वास आणि चव त्यांचीच. आगीला हवा भरपूर मिळाली तर ती चव स्वच्छ उतरते. हवेचा मार्ग इतका मोठा का ठेवला याचं उत्तर इथे मिळतं: आग लहान आणि जोमदार ठेवता येते, मोठी आणि गुदमरलेली ठेवावी लागत नाही.

तापमानाचं बोलायचं तर मी ११० ते १२५ अंशांच्या दरम्यान चालवतो, आणि आग हाताशी असली की टाकी तिथे टिकते. सुरुवातीला फायरबॉक्सकडचं टोक धुराड्याकडच्या टोकापेक्षा २५-३० अंशांनी गरम राहत होतं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे धूर जाळीखालच्या अखंड प्लेटखालून पलीकडे नेऊन परत फिरवायचा. त्यात धुराडं फायरबॉक्सच्याच बाजूला येतं. दुसरा, जाळीखाली सुट्या प्लेटा टाकून त्यांच्यातलं अंतर बदलत राहायचं. मी दुसरा घेतला. फायरबॉक्सजवळ प्लेटा चिकटून, पुढे अंतर वाढत गेलेलं. आता फरक १० अंशांच्या आत आहे आणि तो मला हवाच असतो: गरम टोकाला कोंबडी, थंड टोकाला मोठा तुकडा.

वर बसवलेल्या काट्याच्या थर्मामीटरवर विसंबू नये. तो वरच्या हवेचं तापमान दाखवतो, मांस खाली असतं. जाळीच्या पातळीवर एक प्रोब (तापमापकाची वायरवाली सळई) आणि मांसात एक, एवढं हवंच. प्रोब खरे आहेत की नाहीत ते उकळत्या पाण्यात तपासावं. समुद्रसपाटीला १०० अंश यायला हवेत, उंचावर थोडे कमी.

मोठ्या तुकड्यावर या टाकीचा खरा कस लागतो. खांद्याचं किंवा छातीचं मांस आत साधारण ६५ ते ७५ अंशांवर आलं की काटा तासन्‌तास हलत नाही. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि ती वाफ तुकड्याला थंड करत राहते. आग वाढवायचा मोह इथेच होतो. मित्राच्या पातळ स्मोकरवर या टप्प्यात माझी फार धावपळ व्हायची, कारण बाहेरचं तापमानही सारखं हलत असायचं आणि नेमकं काय चाललंय ते कळायचं नाही. इथे भोवतालचं तापमान स्थिर असतं, त्यामुळे थांबलेला काटा मांसाचाच आहे याची खात्री असते. घाई असेल तर तुकडा कागदात गुंडाळावा, बाष्पीभवन थांबतं आणि काटा पुढे सरकतो. आत ९३-९५ अंशांपर्यंत गेलं की स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं; प्रोब लोण्यात जावा तसा आत जातो. कापल्यावर कडेला सालीखाली जो गुलाबी पट्टा दिसतो तो कच्चेपणा नव्हे. जळणाऱ्या लाकडातल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसातल्या मायोग्लोबिनशी गाठ पडून तो रंग धरतो. आमच्या टाकीतून निघणाऱ्या तुकड्यांवर तो पट्टा बोटाच्या पेरासारखा ठळक असतो, आणि त्याचं श्रेय मी कोळशाऐवजी लाकडाच्या जिवंत आगीला देतो. कोंबडीला एवढा वेळ लागत नाही. आत ७४ अंश झाले की ती खायला सुरक्षित. मात्र तिची साल या मंद आचेवर चिवट राहते, म्हणून शेवटी आच वाढवावी लागते.

आता उणिवा, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली वजनाची. चाकं लावली आहेत, तरी ही वस्तू एकट्याने हलत नाही. एकदा ठेवली की तिथली झाली. दुसरी लाकडाची. एवढं लोखंड तापवायला सरपण लागतं, आणि दोन माणसांपुरतं शिजवायला ही टाकी पेटवणं मला पटत नाही. आठ-दहा माणसांचं जेवण असेल तरच. तिसरी, आग सोडून जाता येत नाही. बटण लावून झोपायचं असेल त्यांनी विजेवर चालणारा, लाकडाच्या गोळ्यांचा स्मोकर घ्यावा. मी त्याला नावं ठेवणार नाही, त्यांची सोय वेगळी आहे. चौथी जागेची. हे काम उघड्यावरच. गच्चीवरची बंद शेड, गॅरेज, बाल्कनी यांत कधीच नाही, कारण धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो आणि त्याला वास नसतो.

देखभाल थोडी आहे पण चुकवता येत नाही. जाळी गरम असतानाच घासायची. ड्रेनखालचा डबा प्रत्येक वेळी रिकामा करायचा, नाहीतर साठलेल्या चरबीला आग लागू शकते. आणि राख. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि तो खारट चिखल लोखंड खात राहतो. स्मोकरचे फायरबॉक्स आगीने सहसा मरत नाहीत, आत पडून राहिलेल्या राखेने मरतात. म्हणून पूर्ण निवल्यावर राख काढून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकतो; निवलेली दिसली तरी तिच्यात निखारा जिवंत असू शकतो, त्यामुळे प्लास्टिकची बादली नाही. नंतर तळाला तेलाचं फडकं फिरवतो आणि धुराड्यावर टोपी ठेवतो, म्हणजे पाऊस आत येत नाही.

एक सुधारणा अजून करायची आहे. फायरबॉक्सची उघडी भिंत बरीच उष्णता बाहेर फेकते. शेजारी उभं राहिलं की पोटऱ्यांना धग लागते, म्हणजे तेवढं सरपण फुकट जातंय. तिच्याभोवती २५ मिमीची पोकळी सोडून ३ मिमी पत्र्याचं दुसरं कवच वेल्ड करायचं आणि पोकळीत उष्णतारोधक लोकर भरायची असं आमचं ठरलं आहे. तळाला फायर ब्रिकचा थर येईल. भाच्याने मापं घेऊन ठेवली आहेत, पत्रा कापून तयार आहे.